उघडं राहिलेलं नाव

१

नंदाबाईंच्या पोत्यांवर लाल फुली मारलेली पाहिली आणि माझं डोकं फिरलं.

२००७ सालचा जानेवारी होता. नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर, तिफणधारा सीड्स नावाची आमची कंपनी होती. कपाशीचं संकरित बियाणं आम्ही गावोगावच्या केंद्रांवर तयार करून घ्यायचो. केंद्र म्हणजे गावातली काही शेतं आणि त्या सगळ्यांची जबाबदारी अंगावर घेणारा एक माणूस. बियाणं आलं की त्याचा नमुना माझ्या प्रयोगशाळेत यायचा. मी तो वाळूच्या ट्रेमध्ये पेरायची, किती उगवलं ते मोजायची, टक्केवारी संगणकात जायची आणि संगणक सांगायचा, मंजूर की नामंजूर. मंजूर बियाणं पिशवीत भरायचं, नामंजूर तेलाच्या गिरणीत जायचं. लाल फुली म्हणजे गिरणीचा रस्ता.

आणि हसनाबादचं केंद्र चालवणाऱ्या नंदाबाईंचा ट्रे मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. एवढा दाट उगवला होता की वाळू दिसत नव्हती.

मी तशीच शरदचंद्र साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. साहेब आमचे व्यवस्थापक. भारी नीटनेटका माणूस. टेबलावरचा पेन जरा तिरका झाला तरी त्यांना चैन पडत नसे. समोर नंदाबाई उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

साहेबांचं म्हणणं असं की संगणकाने हे केंद्र थांबवलं आहे, आणि संगणकाचं काही कुणाशी वैर नाही. तेव्हा बाईंनी नमुना चांगला देऊन पोत्यांत भलताच माल भरला असणार. हे संगणकाला कसं कळलं, असं मी विचारलं. नवीन प्रणाली आहे, असं ते म्हणाले. जणू प्रणाली रात्री हसनाबादला जाऊन पोती उसवून आली होती.

त्यांनी एक कागद नंदाबाईंपुढे सरकवला. केंद्र स्वखुशीने दीर मच्छिंद्र यांच्या नावावर करून देत आहे, असा मजकूर होता. सही केली तर प्रकरण इथेच मिटेल. नाही केली तर भेसळीचा ठपका लागेल, आणि मग जालन्यातली कुठलीच कंपनी या बाईला दारात उभी करणार नाही.

नंदाबाईंनी कागदाला हातही लावला नाही.

“सही करणार न्हाई,” त्या म्हणाल्या. “बी माझं चांगलं हाये. मशीन काय म्हून राह्यलं ते मशीनलाच इचारा.”

साहेब म्हणाले, उद्या दुपारी ट्रक गिरणीत जाईल. तोवर विचार करा.

मी म्हटलं, तोवर मी मशीनला विचारते.

२

एक गोष्ट आधी सांगायला हवी. हे केंद्र मागच्या वर्षापर्यंत नंदाबाईंचे यजमान ओंकारराव यांच्या नावावर होतं. नावावर म्हणजे फक्त नावावर. ओंकारराव भला माणूस, पण त्यांचा जीव टाळ-मृदंगात. शेतांवर फिरणं, बायकांकडून क्रॉसिंग, म्हणजे हाताने परागीकरण, करून घेणं, नर आणि मादीच्या ओळी वेगळ्या ठेवणं, सगळं नंदाबाईंच्या अंगावर. या वर्षी त्या कंपनीत आल्या आणि म्हणाल्या, काम माझं आहे तर नावही माझंच लावा. साहेबांनी नाक मुरडलं होतं. ओंकाररावांनी मात्र हसत संमतीची सही केली होती.

नाव बदललं तसं माझ्याकडच्या ट्रेचं नावही बदललं. आमच्याकडे ट्रेला नाव द्यायची जुनी पद्धत होती. माणसाच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर घ्यायचं आणि त्याला वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर जोडायचं. बाई असेल तर नवऱ्याच्या नावाचं. ओंकार नामदेव म्हणजे ओ-एन. त्यांचा धाकटा भाऊ मच्छिंद्र नामदेव, त्याचं शेजारच्या गावात छोटं केंद्र होतं, तो एम-एन. आणि नंदाबाई ओंकार म्हणजे एन-ओ.

मच्छिंद्र मला गेटबाहेरच्या चहाच्या गाडीवर सापडला. केंद्र मिळालं तर फायदा याचाच, तेव्हा पहिला संशय याच्यावर. मी आडपडदा न ठेवता विचारलं.

त्याने बशीतला चहा संपवला आणि मगच उत्तर दिलं. वहिनीचं केंद्र आपल्याला हवं होतं, साहेबांकडे तसा शब्दही टाकला होता, हे त्याने लपवलं नाही. बाईमाणसाच्या नावावर केंद्र असणं त्याला पटतही नव्हतं. पण पुढे तो जे बोलला ते मी धरून ठेवलं.

“मॅडम, केंद्र मागणं येगळं, बी खराब म्हणणं येगळं. माझ्या शेतात क्रॉसिंगला मी तिच्याच हाताखालच्या बाया नेतो. तिचं बी खराब असंल तर मंग माझं तर उकिरड्यावरच टाका.”

मी विचार केला. याने काही करायचं म्हटलं तरी काय करणार? पोत्यांत हात घातला असता तरी संगणकाला पत्ता लागला नसता, कारण संगणकाला फक्त माझा आकडा कळतो. आणि माझा आकडा बदलायचा तर संगणकाच्या खोलीत जायला हवं. त्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे होती, आणि त्याने सकाळपासून माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

३

गजाननराव आमच्या संगणकाचे चालक. आधी जुन्या जालन्यात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. धान्याच्या आडतीवरच्या अर्ध्या मुनिमांची बोटं त्यांनी वळवली होती. टाइपरायटर गेले, क्लास बुडाला आणि ते आमच्याकडे आले. कळफलकावर अजूनही असे बडवत की शेजारच्या बँकेत ऐकू जावं.

मी म्हटलं, निकालाचा छापील कागद दाखवा. त्यांनी मुकाट्याने दिला. मी तो खालपर्यंत वाचला आणि माझी सकाळपासूनची समजूत चुकीची निघाली.

मला वाटलं होतं, कुणीतरी नंदाबाईंचा आकडा कमी करून टाकलाय. पण आकडा कमी नव्हता. आकडा नव्हताच. दुसरं एक केंद्र चालवणाऱ्या काकासाहेबांच्या ट्रेपुढे टक्केवारी आणि मंजूर. मच्छिंद्रच्या ट्रेपुढे टक्केवारी आणि मंजूर. आणखी दोन केंद्रं नापास होती, त्यांच्यापुढेही टक्केवारी आणि नामंजूर. नंदाबाईंपुढे टक्केवारीची जागा कोरी आणि पुढे नामंजूर.

ही कोरी जागा मला खुपली. ज्याला एखाद्याला बुडवायचं आहे तो खोटा आकडा लिहील. कोरी जागा सोडून तो स्वतःच्या गळ्यात कशाला घंटा बांधून घेईल? याचा अर्थ संगणकाने माझा आकडा पाहिलाच नव्हता. न पाहताच नाही म्हटलं होतं.

आणखी एक कोरी जागा होती. कंपनीच्या स्वतःच्या शेतापुढे. तिथे टक्केवारी नाही, पण मंजूर. ते मला माहीत होतं. घरच्या शेताची उगवण आम्ही आधीच तपासलेली असते, म्हणून ते सरळ पास करा असं त्या प्रणालीला सांगून ठेवलेलं होतं.

कुठे सांगून ठेवलं आहे, असं मी विचारलं. गजानन म्हणाले, फाईलमध्ये. कुठल्या फाईलमध्ये? तर म्हणे, एक साधी मजकुराची फाईल असते, प्रणाली सुरू झाली की आधी ती वाचते आणि त्याबरहुकूम चालते.

ती उघडा, मी म्हटलं.

गजाननरावांनी कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवले. ती फाईल साहेबांना विचारल्याशिवाय उघडता येणार नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब जेवायला गेलेत. तर म्हणाले, मंग त्यांना येऊ द्या.

४

मी प्रयोगशाळेत परतले. मागच्या वर्षीचे निकाल माझ्याकडे होते, ते काढले. का काढले ते मलाही नीट सांगता आलं नसतं. एक जुनी गोष्ट मनात सलत होती, एवढंच.

मागच्या वर्षी माझ्या उगवणकक्षाचं यंत्र बिघडलं होतं. ओंकाररावांच्या ट्रेला बुरशी लागली, निम्मी रोपं कुजली. दोष बियाण्याचा नव्हता, यंत्राचा होता, पण आकडा द्यायच्या लायकीचा राहिला नव्हता. मी आकडा दिलाच नाही. पुन्हा पेरायला हवं, असं कळवलं. आणि पुन्हा पेरायच्या आतच ते केंद्र मंजूर होऊन माल पिशव्यांत गेला. तेव्हा मी साहेबांशी कडाकडा भांडले होते. मला वाटलं, यांनीच मर्जीने पास केलं. ते शपथेवर सांगत होते की संगणकाने केलं. मी विश्वास ठेवला नव्हता.

आता मी तो कागद पाहिला. ओ-एन. टक्केवारी कोरी. मंजूर.

म्हणजे नवऱ्याच्या नावावर असताना संगणक न पाहताच हो म्हणत होता, आणि बायकोच्या नावावर आल्याबरोबर न पाहताच नाही म्हणू लागला. बी तेच, शेत तेच, हात तेच. बदललं होतं फक्त ट्रेचं नाव.

मी पुन्हा संगणकाच्या खोलीत गेले. या वेळी दार लावून घेतलं आणि गजाननरावांसमोर खुर्ची ओढून बसले. मी म्हटलं, तुम्ही नंदाबाईंचं वाईट केलं नाही हे मला ठाऊक आहे. पण उद्या दुपारी ट्रक सुटला तर ते तुमच्याही नावावर लागेल. माझ्या मते या फाईलमध्ये प्रत्येक केंद्रापुढे, त्याचा निकाल कुठल्या ट्रेवरून घ्यायचा ते लिहिलेलं आहे. आणि घरच्या शेतापुढे ट्रेचं नाव नाही, सरळ ‘यस’ लिहिलंय. बरोबर?

गजाननरावांनी कळफलक पुढे ओढला. मग त्यांनी फाईल उघडली.

अगदी तसंच होतं. एकाखाली एक ओळी. काकासाहेब, के-आर. मच्छिंद्र, एम-एन. घरचं शेत, यस. नंदाबाई, एन-ओ.

पडद्यावर ती अक्षरं जोडून, इंग्रजीत लिहिलेली होती. मी ती ट्रेचं नाव म्हणून महिनाभर वाचत होते. पहिल्यांदाच संगणकाच्या नजरेने वाचली आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. गजाननरावांनी ती न ऐकल्यासारखं केलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना संगणकाच्या खोलीत बोलावलं. नंदाबाई, मच्छिंद्र, गजानन आणि शरदचंद्र साहेब. साहेबांना हा तमाशा पसंत नव्हता, ते सारखे घड्याळ बघत होते. खाली ट्रकमध्ये पोती चढत होती, त्यांचे धप धप आवाज येत होते.

मी गजाननरावांना म्हटलं, मच्छिंद्रच्या ओळीत एम-एनऐवजी एन-ओ लिहा. त्यांनी लिहिलं आणि प्रणाली चालवली. मच्छिंद्रचं केंद्र, कालपर्यंत मंजूर असलेलं, नामंजूर झालं. टक्केवारी कोरी.

“ओ मॅडम, हे काय करून राह्यले,” मच्छिंद्र उठून उभा राहिला.

मी त्याला बसायला सांगितलं. मग बाकावर ठेवलेला एक ट्रे उचलून साहेबांपुढे धरला. त्यात नुसती वाळू होती. एक दाणाही पेरलेला नव्हता. याला आपण ओ-एन म्हणू, मी म्हटलं. गजाननरावांनी एक नवीन केंद्र तयार केलं, त्याच्यापुढे ओ-एन लिहिलं, प्रणाली चालवली.

मंजूर.

साहेब वाळूकडे बघत होते. मग पडद्याकडे. मग परत वाळूकडे.

मी समजावून सांगितलं. ही फाईल वाचणारा प्रोग्रॅम काही शब्दांना शब्द समजतच नाही. यस, नो, ऑन, ऑफ असे शब्द नुसते लिहिलेले दिसले की तो त्यांचा अर्थ हो किंवा नाही असाच घेतो. अक्षरं मोठी असोत की छोटी. एम-एन, के-आर यांचा असा काही अर्थ नाही, म्हणून तो गप ट्रेचं नाव समजून माझा आकडा शोधायला जातो. ओंकाररावांचं ‘ऑन’ दिसलं की म्हणतो, हो, तपासायची गरज नाही. नंदाबाईंचं ‘नो’ दिसलं की म्हणतो, नाही, थांबवा. माझ्या आकड्यापर्यंत तो पोचतच नाही. यात भेसळ नाही, नमुन्याची अदलाबदल नाही, संगणकाला काहीही कळलेलं नाही.

साहेबांनी घसा साफ केला. मग हा दोष प्रणाली लिहिणाऱ्या पुण्याच्या प्रोग्रामरचा, असं म्हणून ते हात झटकायला निघाले. पण मी सकाळीच पुण्याला फोन केला होता. तो म्हणाला, असं होऊच शकत नाही, मी प्रत्येक ट्रेच्या नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं घालून फाईल दिली होती. चिन्हांत घातलेला शब्द प्रोग्रॅम जसाच्या तसा घेतो, त्याचा अर्थ लावत बसत नाही.

पडद्यावरच्या फाईलमध्ये एकही अवतरणचिन्ह नव्हतं.

“ती कुणी काढली?” मी विचारलं.

गजाननरावांनी साहेबांकडे पाहिलं नाही. “मागच्या साली, निकालाआधी, कंपनीचे मालक येणार व्हते पाह्यला,” ते हळूच म्हणाले. “साहेब म्हणले, ही मुंग्यांसारखी चिन्हं काढून टाका, पान साफ दिसलं पाह्यजे. मी काढून चालवून पाह्यलं. सगळं बराबर चालत व्हतं.”

आणि चालतच होतं, तेच तर. एवढ्या नावांपैकी दोनच नावांना त्या चिन्हांची गरज होती. पहिल्याचा फायदा झाला म्हणून संगणकावर कुणी संशय घेतला नाही. आणि दुसरी बाई होती.

साहेबांनी समोरचा पेन सरळ केला. तो आधीच सरळ होता.

६

गजाननरावांनी नंदाबाईंच्या ट्रेच्या नावाला दोन्ही बाजूंनी चिन्हं घातली आणि प्रणाली पुन्हा चालवली. माझा आकडा आला. त्या हंगामातला सगळ्यात वरचा आकडा होता तो. मच्छिंद्रने तो वाचला आणि खाली गेला. थोड्या वेळाने ट्रकवरून पोती उतरवल्याचे आवाज येऊ लागले.

नंदाबाई अजून पडद्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना कळलं नसेल. मी सांगू लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. त्यांचं काम मलाही माहीत आहे. संध्याकाळी मादीच्या कळीतले पुंकेसर काढून तिच्यावर कागदाची पिशवी चढवायची आणि सकाळी आपल्याला हवा तोच पराग लावायचा. पिशवी चढवायची राहिली तर कळी आपली राहत नाही. कुठलीही माशी येऊन काहीही लावून जाते.

“कळी उघडी ठेवली ह्यांनी,” त्या म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं.

साहेब आता गोड झाले होते. त्यांनी नंदाबाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक सोपा तोडगा काढला. चिन्हंबिन्हं राहू द्या. आज घातली, उद्या कुणी काढली तर परत घोळ. त्यापेक्षा केंद्र पुन्हा ओंकाररावांच्या नावावर करा. काम तुम्हीच करा. ते नाव असलं की कधीच काही थांबणार नाही, हे आत्ताच सिद्ध झालं आहे.

एवढं सगळं होऊन माणूस असं बोलू शकतो यावर माझा विश्वास बसेना. मी तोंड उघडणार होते, पण नंदाबाई आधी बोलल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

“साहेब, माझं नाव बदलणार न्हाई. तुमची फाईल बदला. अन् दुसरं. मागच्या साली ह्यांच्या नावावर जे बी न तपासता पास केलं, तेबी माझ्याच हातचं व्हतं. त्याचा नमुना असंल तुमच्याकडं. तो पेरा.”

राखीव नमुना होता माझ्या थंड खोलीत, प्रत्येक लॉटचा असतो. पण वर्षभर जुनं बी, काय उगवेल कुणास ठाऊक. कमी उगवलं तर आत्ताच मिळालेलं केंद्र परत हातातून जाणार, आणि साहेबांना तेच हवं होतं. मी त्यांना बाजूला घेऊन तसं सांगितलंही. विषय मिटलाय, कशाला उकरता?

“फुकटचा हो मला नको,” त्या म्हणाल्या. “न बघता न्हाई म्हणलं तेव्हा भांडले. न बघता हो म्हणलं तेव्हा गप बसू का?”

मी पेरलं. हसनाबादहून त्या स्वतः बघायला आल्या, ओंकाररावांनाही घेऊन आल्या. जुन्या बियाण्याने या वर्षीएवढी उगवण दिली नाही, पण पास होण्याच्या रेषेच्या बरीच वर दिली. ओंकारराव ट्रेवर वाकून म्हणाले, माझ्या नावाचं एवढं चांगलं उगवतं हे मला कुणी सांगितलंच नाही. नंदाबाई पदराआड हसल्या. तो आकडा मी माझ्या हाताने मागच्या वर्षीच्या कोऱ्या जागेत लिहिला आणि खाली सही केली.

पुढच्या हंगामात हसनाबादचा पहिला ट्रक आला तेव्हा मी गेटवरच होते. प्रत्येक पोत्यावर हिरव्या रंगाने पूर्ण नाव लिहिलेलं होतं, नंदाबाई ओंकार, आणि नावाच्या दोन्ही बाजूंना भलीमोठी अवतरणचिन्हं. बायकांनी ती इतकी ठसठशीत काढली होती की रस्त्याच्या पलीकडून दिसावीत.

शरदचंद्र साहेब बाहेर आले. ओळीने लागलेली पोती त्यांनी पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. पोत्यांवर या चिन्हांची गरज नाही, असं त्यांनी नंदाबाईंना समजावलं. पोतं काही मशीन वाचत नाही.

“मशीनसाठी न्हाईतच ती,” नंदाबाई म्हणाल्या. “तुमच्यासाठी हायेत.”